पळून गेलेल्याच्या सुखाची किंमत कोण मोजतं? जपानी ‘इसेकाई’ मांगा समजून घेताना

एक माणूस रस्त्यावर मरतो. बहुतेक वेळा ट्रकखाली. वय तिशीच्या आसपास. नोकरी एक तर नाही, किंवा आहे ती जीव घेणारी. लग्न नाही, मित्र नाहीत. डोळे उघडतो तेव्हा तो भलत्याच जगात असतो. तिथे तलवारी आहेत, मंत्रविद्या आहे, लांब कानांचे एल्फ आहेत, ड्रॅगन आहेत. आणि आधीच्या जगात ज्याला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, तो इथे सगळ्यांत बलवान आहे.

जपानी कॉमिक्समध्ये, म्हणजे मांगांमध्ये, गेल्या दहा-बारा वर्षांत अशा कथांचं अमाप पीक आलं. या प्रकाराला ‘इसेकाई’ म्हणतात. इसेकाई म्हणजे दुसरं जग. ट्रकखाली मरणं इतकं ठरून गेलं की जगभरच्या वाचकांनी त्या ट्रकला ‘ट्रक-कुन’ (म्हणजे ‘ट्रकभाऊ’सारखं काहीतरी) असं नावच देऊन टाकलं. आपल्याकडची कॉलेजातली आणि आता शाळेतलीही मुलं या कथा मोबाइलवर वाचतात, त्यांवरच्या चलचित्र मालिका (अ‍ॅनिमे) क्रंचिरोल या ऑनलाइन मंचावर हिंदी डबिंगमध्ये बघतात. घरातल्या मोठ्यांना मात्र ‘ते मोठ्या डोळ्यांचं कार्टून’ यापलीकडे त्यातलं काही ठाऊक नसतं.

या कथांवर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. एक, त्या पळपुटेपणा शिकवतात. दुसरा, त्यांत गुलामांची खरेदी, कोवळ्या मुलींकडे वासनेने बघणं, हजारोंची कत्तल, असं बरंच काही सहज खपवलं जातं. पहिला आक्षेप मला फारसा पटत नाही. दुसरा पटतो. पण दोन्हींचं मूळ एकच आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय यातलं चांगलं काय आणि घातक काय हे निवडता येत नाही.

दुसऱ्या जगात जाण्याची कल्पना जपानला नवी नाही. कासवाबरोबर समुद्रतळाच्या महालात गेलेल्या उराशिमा तारोची लोककथा तिथे पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. १९९० च्या दशकातल्या मांगांतही अशा कथा होत्या आणि त्यांच्या नायिका बहुधा शाळकरी मुली असायच्या. यू वातासे यांच्या ‘फुशिगी युगी’मध्ये (१९९२) प्रवेशपरीक्षेच्या ओझ्याने बेजार झालेली मिआका ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकात ओढली जाते. क्लॅम्प या चित्रकर्तींच्या गटाच्या ‘मॅजिक नाइट रेअर्थ’मध्ये (१९९३) टोकियो टॉवरच्या सहलीला आलेल्या तीन मुली दुसऱ्या जगात जाऊन पडतात. रुमिको ताकाहाशींच्या ‘इनुयाशा’तली (१९९६) कागोमे आवारातल्या विहिरीतून काही शतकं मागे जाते आणि परीक्षा आली की त्याच विहिरीतून घरी येते. या मुलींच्या मनातून घर जात नाही. तिकडचं धाडस आणि इकडची परीक्षा अशी दोन्हीकडची ओढाताण हीच त्या कथांची जान असते.

२०१० नंतरच्या कथांत मात्र परतीचं दारच बंद झालं. नायक बहुधा मेलेला असतो, परत जायला शरीर उरलेलं नसतं, आणि त्याला जायचंही नसतं. हा बदल दिसायला किरकोळ आहे, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ज्याला घरी परतायचंच नाही, त्याने तिकडे काय केलं याचा जाब विचारणारं कुणी उरत नाही.

हा बदल कुणा संपादकाने ठरवून केला नाही. तो एका संकेतस्थळावर झाला. ‘शोसेत्सुका नि नारो’, म्हणजे ‘चला, लेखक होऊ या’, हे ते संकेतस्थळ. २००४ पासून चालू. कुणीही फुकट लिहावं, कुणीही फुकट वाचावं. मधे संपादक नाही. वाचक गुण देतात आणि त्यावरून कथांची रोजची क्रमवारी लागते. इथे लेखक दररोज किंवा दोन-चार दिवसांनी एक प्रकरण टाकतो, आणि पहिल्या दोन-तीन प्रकरणांत वाचक रमला नाही तर तो पुढच्या कथेकडे वळतो. म्हणून नायकाचं जुनं आयुष्य दोन पानांत आटपायचं, ट्रक आणायचा आणि हातात अफाट ताकद द्यायची. यादीत आधी शीर्षकच नजरेला पडतं, म्हणून शीर्षकातच गोष्ट सांगून टाकायची. ‘पुनर्जन्म झाला आणि बघतो तर मी स्लाइम’ या अर्थाचं शीर्षक असलेली फुसे यांची कथा इथलीच, २०१३ सालची. त्यात बांधकाम कंपनीतला ३७ वर्षांचा एक नोकरदार रस्त्यात चाकूहल्ल्यात मरतो आणि जेलीसारख्या लिबलिबीत प्राण्याच्या रूपात जन्मतो.

संकेतस्थळावर एखादी कथा चालली की प्रकाशक ती उचलतो. आधी चित्रं घालून तिची ‘लाइट नॉव्हेल’ निघते, मग तिचा मांगा होतो, मग टीव्हीवरची मालिका. म्हणजे तुमच्या मुलाच्या मोबाइलवर जो मांगा आहे, त्याची निवड हजारो अनोळखी वाचकांनी एकट्याने, आपापल्या खोलीत बसून केलेली असते. चारचौघांत बोलायची चोरी वाटते अशा इच्छाही तिथे गुण मिळवतात. या कथा इतक्या बोकाळल्या की २०१६ मध्ये त्या संकेतस्थळाने त्यांची क्रमवारीच वेगळी काढली आणि २०१७ मध्ये कादोकावा या बड्या प्रकाशनसंस्थेने आपल्या एका कादंबरी स्पर्धेत ‘दुसऱ्या जगात पुनर्जन्म’ चालणार नाही अशी अट घातली. पूर मात्र ओसरला नाही.

मग हे वाचणारे कोण आणि त्यांना कशापासून पळायचंय? इथे जपानचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास थोडा बघावा लागतो. १९८९ च्या अखेरीस टोकियोचा शेअर बाजार शिखरावर होता. त्यानंतर फुगा फुटला. जपानी कंपन्या पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांना एकगठ्ठा, ठरावीक हंगामात भरती करतात. तो हंगाम हुकला की पक्की नोकरी मिळणं महाकठीण. साधारण १९९३ ते २००५ या काळात भरतीच आटली आणि एक अख्खी पिढी कंत्राटी कामांवर फेकली गेली. तिला ‘हिमयुगाची पिढी’ म्हणतात. ज्यांना पक्की नोकरी मिळाली त्यांचीही सुटका नव्हती. अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला जपानीत ‘कारोशी’ असा स्वतंत्र शब्द आहे. २०१५ च्या नाताळात डेन्त्सू या जाहिरात कंपनीतल्या २४ वर्षांच्या कर्मचारी मुलीने जीव दिला, तो मृत्यू सरकारने अतिकामामुळे झाल्याचं मान्य केलं आणि देश हादरला. २०१८ मध्ये जादा कामाच्या तासांवर मर्यादा घालणारा कायदा झाला. त्यातही महिन्याला ४५ तासांची सर्वसाधारण मर्यादा आणि निकडीच्या महिन्यात १०० तासांच्या आत, अशी सवलत आहे. सवलतच एवढी मोठी, त्यावरून आधीच्या परिस्थितीची कल्पना यावी.

आणि जे या शर्यतीतून पूर्ण बाहेर पडले, ते घरात कोंडून घेतात. त्यांना ‘हिकिकोमोरी’ म्हणतात. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी पाहणीनुसार १५ ते ६४ वयोगटात असे सुमारे १४ लाख ६० हजार लोक आहेत. ऐंशीच्या घरातले आईबाप आणि खोलीत बसून राहिलेलं त्यांचं पन्नाशीतलं मूल, ही तिथली नेहमीची चिंता झाली आहे.

हे डोळ्यांसमोर ठेवलं की ट्रक वेगळा दिसायला लागतो. ही मरणाची हौस नाही. ज्या समाजात एकदा घसरलेल्याला पुन्हा रांगेत उभं राहू देत नाहीत, तिथे ‘पहिल्यापासून सुरुवात’ करायची तर पुन्हा जन्मच घ्यावा लागणार, असं त्या कथांचं म्हणणं आहे. दिवसभर अपमान गिळून आलेल्या माणसाने रात्री अर्धा तास असं जग वाचलं, तर त्याला पळपुटा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ते जग कसं आहे तेही बघण्यासारखं आहे. मध्ययुगीन युरोपसारखं दिसतं, पण ते इतिहासातून आलेलं नाही, व्हिडिओ गेममधून आलेलं आहे. १९८६ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा गेम आला आणि जपानमधल्या मुलांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. राक्षस मारा, गुण मिळवा, पातळी वाढवा. इसेकाईत नायकाच्या डोळ्यांपुढे हवेत एक चौकट उघडते आणि तिच्यात त्याची पातळी, ताकद, कौशल्यं आकड्यांत लिहिलेली असतात. मेहनत केली की आकडा वाढतोच. साहेबाची मर्जी नाही, वशिला नाही, हुकलेला हंगाम नाही. खऱ्या आयुष्यात केलेल्या कष्टांचं काय झालं हे कधीच कळत नाही. इथे ते दर पानावर कळतं. या कथांमधला मोठा दिलासा ड्रॅगन मारण्यात नसून या हिशेबाच्या चोखपणात आहे, असं मला वाटतं.

पण याच चौकटीत पुढची गडबडही आहे. ज्या जगात आपली ताकद आकड्यांत मोजता येते, तिथे आजूबाजूची माणसंही वस्तूंसारखी मोजली जाऊ लागतात. अमकीची निष्ठा इतकी, तमक्याची किंमत इतकी.

एक कथा जवळून बघू. ‘मुशोकू तेन्सेई’ ही आजच्या इसेकाईची आद्य कथा मानली जाते. लेखकाचं टोपणनाव रिफुजिन ना मागोनोते. २०१२ मध्ये ती त्याच संकेतस्थळावर सुरू झाली, २०१४ पासून मांगा आला, २०२१ मध्ये मालिका. नायक ३४ वर्षांचा, बेकार, वर्षानुवर्षं खोलीबाहेर न पडलेला. आईवडिलांच्या अंत्यविधीलाही तो खाली उतरत नाही, म्हणून भावंडं त्याला मारून घराबाहेर काढतात. रस्त्यात काही शाळकरी मुलांना वाचवताना तो ट्रकखाली येतो आणि रुदेउस नावाचं बाळ म्हणून जन्मतो, जुन्या सगळ्या आठवणींसकट.

यात एक प्रसंग आहे. रुदेउस आता चार-पाच वर्षांचा आहे, मंत्रविद्येत तरबेज आहे, पण घराच्या फाटकाबाहेर त्याने अजून पाऊल टाकलेलं नाही. त्याला शिकवणारी रॉक्सी शेवटच्या परीक्षेसाठी त्याला बाहेर माळावर न्यायला निघते. फाटकाशी येताच त्याचे पाय थिजतात. मागच्या जन्मी शाळेत त्याचे कपडे काढून त्याला फाटकाला बांधलं होतं, मुलं हसली होती, फोटो काढले होते. तेव्हापासून ‘बाहेर’ म्हणजे ते फाटक. रॉक्सीला यातलं काहीच माहीत नसतं. पोरगं घोड्याला घाबरलं असेल असं समजून ती त्याला उचलून पुढ्यात बसवते आणि निघते. वाटेत गावकरी तिला हसून नमस्कार करतात. कुणी त्याच्याकडे बोट दाखवत नाही. गहू, उघडं आभाळ, ओळखीची माणसं. एवढंच. आणि वीस वर्षांची भीती त्या रपेटीत उतरून जाते. ज्याने कधी कुणाची चेष्टा सोसली आहे, त्याने हा प्रसंग कोरड्या डोळ्यांनी वाचून दाखवावा.

आता याच कथेतली दुसरी गोष्ट. ज्या रॉक्सीने त्याला बाहेर काढलं, तिचंच अंतर्वस्त्र हा रुदेउस चोरतो आणि देवासारखं जपून ठेवतो. पुढे एरिस नावाची मुलगी त्याची विद्यार्थिनी होते. ती लहान आहे, त्याचं शरीर तिच्याहूनही लहान आहे, पण आतलं मन चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाचं आहे, आणि ते मन तिच्याकडे ज्या नजरेने बघतं, झोपेत तिला हात लावायला धजावतं, ते कथा विनोद म्हणून दाखवते. कथेचे चाहते म्हणतात की नायक वाईट आहे हे लेखकाला मान्यच आहे, तो हळूहळू सुधारतो, तीच तर गोष्ट आहे. यात तथ्य आहे. वाईट माणसाची गोष्ट सांगू नये असं मी म्हणणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. फाटकाच्या प्रसंगात कथा रुदेउसच्या भीतीच्या आत शिरते, तिला पानंच्या पानं देते. एरिसला काय वाटलं असेल, हे विचारायची वेळ आली की तीच कथा एक हशा टाकून पुढे सरकते. ज्याला शाळेत कुणी माणूस म्हणून वागवलं नाही, त्याच्या सुटकेची किंमत एक मुलगी मोजते, आणि ती मोजते आहे हे कथेच्या लक्षातही येत नाही. २०२१ मध्ये चीनमधल्या बिलिबिली या मंचाने ही मालिका टीकेनंतर काढून टाकली होती. काढून टाकण्याने प्रश्न सुटत नाही, पण टीका हवेत नव्हती.

रॉक्सीच्या बाबतीत आणखी एक युक्ती आहे, ती ओळखून ठेवावी. रॉक्सी दिसते कोवळ्या मुलीसारखी, पण तिच्या जमातीत वय दिसत नाही, ती प्रत्यक्षात प्रौढ आहे, असं कथा सांगते. असंख्य मांगांत ही सबब येते. ‘ती दिसते बारा वर्षांची, पण आहे तीनशे वर्षांची.’ चित्र मात्र बारा वर्षांच्या मुलीचंच असतं, आणि वाचक बघतो ते चित्र.

जपानमध्ये यावर मोठा वाद आहे. २०१४ मध्ये तिथे मुलांची लैंगिक छायाचित्रं जवळ बाळगणंही गुन्हा ठरलं, पण मांगा आणि अ‍ॅनिमे त्यातून वगळले गेले. खऱ्या मुलाला इजा झालेली नसताना चित्रावर बंदी घातली तर उद्या सरकार कशावरही बंदी घालेल, असं मांगाकारांचं म्हणणं. तो मुद्दा तिथे इतका जोरदार आहे की केन आकामात्सू हे मांगाकार २०२२ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर प्रचार करून वरिष्ठ सभागृहात निवडून आले. युद्धकाळात जपानने कडक सेन्सॉरशिप सोसली आहे, त्यामुळे ही धास्ती खोटी नाही. पण कायद्याने बंदी घालावी का, हा एक प्रश्न. आणि ‘हे चित्र काय शिकवतं’ असं वाचकाने मोकळेपणाने विचारावं का, हा दुसरा. दुसऱ्याला पहिल्याच्या आड लपवता येत नाही. आपल्याकडे कायदा वेगळा आहे, हेही सांगायला हवं. भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब मध्ये मुलांचं अश्लील चित्रण करणारं इलेक्ट्रॉनिक साहित्य बघणं आणि उतरवून घेणंही गुन्हा आहे.

गुलामगिरीकडे वळू, कारण इसेकाईतली सर्वांत बोलकी गोष्ट तीच आहे. ‘शील्ड हीरो’ या कथेत नाओफुमी नावाचा कॉलेज विद्यार्थी इतर तिघांबरोबर दुसऱ्या जगात बोलावला जातो. तिथली राजकन्या त्याच्यावर बलात्काराचा खोटा आळ घेते, सगळं राज्य त्याच्यावर थुंकतं. खचलेला नाओफुमी गुलामांच्या बाजारात जाऊन राफ्तालिया नावाची आजारी, घाबरलेली लहान मुलगी विकत घेतो. तिच्या अंगावर मंत्राची खूण उमटवली जाते. तिने हुकूम मोडला तर ती खूण तिला यातना देते. तो तिला खाऊपिऊ घालतो, लढायला शिकवतो, ती मोठी होऊन त्याच्यावर जीव टाकते. पुढे एका प्रसंगात तिची खूण काढून टाकली जाते, ती मोकळी होते. आणि ती काय करते? ती स्वतःहून ती खूण पुन्हा उमटवून घेते, त्याचा विश्वास बसावा म्हणून.

हा प्रसंग मला सगळ्या रक्तपातापेक्षा अस्वस्थ करतो. इतक्या इसेकाईंत गुलाम का लागतात, याचं उत्तर इथे आहे. नायकाला गुलामाकडून कष्ट करून घ्यायचे नसतात. त्याला सोडून न जाणारं माणूस हवं असतं. मित्र सोडून जातो, प्रेयसी नाही म्हणते, राजकन्या फसवते. मंत्राने बांधलेली मुलगी यातलं काही करू शकत नाही. नकाराची भीती इतकी खोल गेली आहे की नकार देण्याची ताकदच समोरच्याकडून काढून घ्यायची. आणि मग ‘तिला हेच हवं होतं’ असं तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं, म्हणजे नायकाचं मनही स्वच्छ राहतं. ‘त्या जगात गुलामगिरी कायदेशीर आहे’ ही सबब तर ठरलेलीच. पण ते जग लेखकानेच रचलं आहे. तिथे ड्रॅगन उडवायची मुभा होती, तशी गुलामांचा बाजार न भरवायचीही होती.

शिवाय या कथेतला खोटा आळ. तरुण मुलगा एकापाठोपाठ अशा पाच कथा वाचतो, ज्यांत तक्रार करणारी बाई खोटारडी असते आणि भली मुलगी म्हणजे विकत घेतलेली मुलगी असते, तेव्हा त्याच्या मनात नकळत काय साचत असेल याची मला खरोखर काळजी वाटते.

इतर गोष्टी थोडक्यात. स्लाइमच्या कथेत दिलदार, मनमिळाऊ नायक आपल्या मेलेल्या साथीदारांना परत आणण्यासाठी चाल करून आलेल्या सैन्यातले हजारो सैनिक आकाशातून मारतो, आणि ती कत्तल नव्या ताकदीची पायरी ठरते. आणखी एका जातीच्या कथांत जपानी नायक मागास लोकांना मेयोनीज, भात आणि आंघोळ शिकवतो आणि ते कृतज्ञतेने भारावतात. दीडशे वर्षं साहेबाच्या राज्यात काढलेल्या आपल्यासारख्यांना तो सूर लगेच ओळखू येतो.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग हा प्रकारच टाकाऊ. तसं नाही. त्याच संकेतस्थळावर २०१३ ते २०१७ या काळात मिया काझुकी या लेखिकेने ‘ग्रंथवेडीची चढती वाट’ अशा अर्थाच्या नावाची कथा लिहिली. इंग्रजीत ती ‘असेंडन्स ऑफ अ बुकवर्म’ म्हणून ओळखली जाते. पुस्तकांसाठी वेडी असलेली एक मुलगी भूकंपात पुस्तकांखाली दबून मरते आणि माइन नावाच्या पाच वर्षांच्या, सतत आजारी असणाऱ्या गरीब मुलीच्या शरीरात जागी होते. अफाट ताकद वगैरे काही नाही; चार पावलं चालली की तिला ताप भरतो. तिला फक्त वाचायचं आहे, आणि त्या जगात पुस्तक सरदारांनाच परवडतं. मग ती कागद बनवायला घेते. लाकूड वाफवणं, साल सोलणं, लगदा करणं, पैशासाठी व्यापाऱ्याशी घासाघीस करणं, हे सगळं सावकाश, तपशिलात येतं.

यातला लुट्झ हा तिचा शेजारचा मित्र. कागद करता करता त्याच्या ध्यानात येतं की ही माइन नाही. जुन्या माइनला हे काही येत नव्हतं. तो तिला धरून विचारतो, माझी माइन कुठे आहे, ती परत दे. बहुतेक सगळ्या इसेकाईंत नायक एखादं शरीर, एखादं घर, एखाद्या आईबापांचं प्रेम घेऊन टाकतो आणि ज्याचं ते होतं त्याची चौकशी कुणी करत नाही. इथे एक लहान मुलगा ती करतो. आणि माइनला उत्तर द्यावं लागतं. पुढे सरदारघराण्यात गेल्यावर करारानुसार तिला स्वतःच्या वडिलांना ‘बाबा’ म्हणता येत नाही. या कथेत चढण्याची किंमत चढणारीच मोजते.

मुलींसाठीच्या ‘खलनायिका’ कथांचाही वेगळा प्रवाह आहे. त्यांत नायिका एका प्रेमकथेच्या गेममध्ये जन्मते, पण गेममधली दुष्ट बाई म्हणून, आणि तिला ठाऊक असतं की पुढे भर दरबारात तिचं ठरलेलं लग्न मोडून तिला हद्दपार करणार आहेत. बाप आणि भावी नवरा यांनी लिहून ठेवलेलं नशीब आधीच वाचलेली मुलगी ते कसं चुकवते, याची ती गोष्ट. तिथेही इच्छापूर्ती आहेच, पण पळण्याची दिशा बहुधा उलटी: कुणाला तरी आपलं करून ठेवण्यापेक्षा कुणाच्या तरी मालकीतून सुटण्याकडे.

आणि ताप्पेई नागात्सुकी यांची ‘री:झीरो’. तिचा नायक सुबारू दर वेळी मेला की थोडा मागे जाऊन पुन्हा जागा होतो. एमिलिया या मुलीसाठी तो अनेकदा मरतो, पण तिला ते माहीत नसतं, आणि तो सांगू शकत नाही. शेवटी भांडणात तो तिला ऐकवतो की मी तुझ्यासाठी इतकं केलं, तू माझं देणं लागतेस. एमिलिया त्याला सांगते की तुझ्या मनातली मी आणि खरी मी वेगळ्या आहोत, आणि निघून जाते. नायकाच्या दुःखाला कथा पुरेपूर जागा देते, तरी मुलीचा नकार नकारच राहतो.

घरात कुणी हे वाचत असेल तर पुस्तक हिसकावण्याआधी एखादा भाग त्याच्याबरोबर बघा. त्याच्यासमोर नाक न मुरडता. विचारायचंच तर नायकाबद्दल विचारू नका, तो त्याला आवडतोच; बाकीच्यांबद्दल विचारा. ही मुलगी त्याच्याबरोबर का राहते? तिने नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? मुलं याची फार विचारपूर्वक उत्तरं देतात. सोळा-सतरा वर्षांखालच्या मुलांसाठी वयाचं बंधन जरूर पाळा. क्रंचिरोलसारख्या मंचांवर ते लिहिलेलं असतं, चोरून कथा टाकणाऱ्या संकेतस्थळांवर नसतं, आणि आपल्याकडे बरंचसं वाचन तिथेच होतं.

आणि मुलाने जेवायला बाहेर येणं सोडलं असेल, मित्रांचे फोन घेणं सोडलं असेल, शाळेचं किंवा कॉलेजचं नाव काढलं की अंग चोरत असेल, तर मांग्यावर वाद घालत बसू नका. तो कुठे पळतोय यापेक्षा कशापासून पळतोय ते बघायला हवं. शाळेत काही घडलं आहे का, कुणी त्रास देतंय का, हे शांतपणे विचारा. मार्ग सुचत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.